अनुत्तरित निरोप

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. गावाच्या नावाशी लोक वाल्मीकी ऋषींचे नाव जोडतात, आणि पाहुणा आला की त्याला प्रथम नेतात ते तेथील प्राचीन बारवेकडे. वळणावळणाने तळापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ही बारव गाळाने भरून गेली होती. ग्रामस्थांनी श्रमदान करून ती मोकळी केली. मागील उन्हाळ्यात आम्हीही ती पाहावयास गेलो होतो. आमच्यासमवेत दवाखान्यात सेवा करणाऱ्या एक सिस्टर होत्या. बारवेच्या काठी सावलीला दोन-चार बाया बसल्या होत्या. त्यांपैकी एक ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, वयाने पस्तिशीची. सिस्टरांशी बोलता बोलता ती सहज म्हणाली, “पिशवी काढून टाकली बघा, सिस्टर. लेकरं झाली, आता तिचं काय काम?”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पण सिस्टरांनी आणखी विचारले तेव्हा ती सांगू लागली, की रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने लुगडे भिजते, झोप लागत नाही आणि उठताना गुडघे धरावे लागतात. “पिशवीबरोबर आणखी काही काढलं का, बाई?” या प्रश्नाला मात्र तिच्यापाशी उत्तर नव्हते. तिला कुणी सांगितले नव्हते आणि विचारायचे असते हे तिला माहीत नव्हते.

परतताना तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. आम्ही वैद्य नव्हे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. शरीरशास्त्र आमच्या वाट्याला ओझरतेच आले. परंतु त्या बाईला झोप का लागत नाही, हे समजून घेण्यासाठी आम्ही जे वाचले त्यातून एक इतिहास उलगडत गेला. तो बर्लिन, शिकागो, रोम, कोलकाता व परळ अशा गावांतून फिरून पुन्हा मराठवाड्यातील उसाच्या फडात येऊन थांबतो. तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

निरोप आणि उत्तर

प्रथम शरीराची व्यवस्था थोडक्यात पाहू. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. ती रक्तातून दोन निरोप अंडाशयाकडे धाडते. पहिला निरोप स्त्रीबीज वाढविणाऱ्या पुटिकांना जागे करतो. डॉक्टर त्याला एफएसएच म्हणतात. दुसरा, एलएच, पक्व झालेले बीज बाहेर पडण्याची आज्ञा देतो. अंडाशय या निरोपांना उत्तर देते. ते इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके आणि इन्हिबिन नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते. हे उत्तर पीयूषिकेपर्यंत आणि तिच्याही वर असलेल्या हायपोथॅलमस या मेंदूच्या भागापर्यंत पोहोचते, आणि ‘पुरे झाले’ असे समजून वरचा हात आखडतो. पुढे महिन्याच्या मध्यावर इस्ट्रोजेन पुरेसे वाढून काही काळ तसेच टिकले, की हेच उत्तर उलट काम करते. पीयूषिका एकाएकी एलएचचा लोंढा सोडते आणि बीज मुक्त होते. एकच संप्रेरक एका वेळी लगाम होते आणि दुसऱ्या वेळी चाबूक होते. निर्मात्याच्या कारागिरीचे नवल वाटावे अशीच ही रचना आहे.

आता रजोनिवृत्ती म्हणजे काय? आपल्या देशात सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास अंडाशयातील पुटिकांचा साठा सरत येतो. प्रथम इन्हिबिन कमी होते, म्हणून पाळी चालू असतानाच एफएसएच चढू लागते. मग इस्ट्रोजेन आटते. पीयूषिकेचे निरोप जात राहतात. उत्तर येत नाही. उत्तर आले नाही की माणूस जसा आवाज चढवून हाक मारतो, तशीच ही ग्रंथी हाक मारते. पाळी गेल्यानंतर एक ते तीन वर्षांत रक्तातील एफएसएच पूर्वीच्या दहा ते पंधरा पट होते आणि एलएच सुमारे तिप्पट होते. एलएच रक्तातून लवकर नाहीसे होते, एफएसएच अधिक काळ टिकते. शिवाय इन्हिबिनचा लगाम मुख्यत्वे एफएसएचवरच असतो. म्हणून दोहोंच्या वाढीत एवढा फरक पडतो. पुढे वय वाढत गेले की ही हाकही हळूहळू क्षीण होते.

तेव्हा ‘पाळी गेली म्हणजे आतले सगळे बंद पडले’ ही लोकांची समजूत बरोबर नाही. उलट मेंदूच्या तळाशी असलेली ती चिमुकली ग्रंथी त्या वर्षांत आयुष्यातील सर्वाधिक जोराने काम करीत असते. हे ज्ञान मात्र सहज हाती आले नाही.

शस्त्रापासून सुरुवात

या इतिहासाच्या आरंभी एक शस्त्रक्रिया आहे. १८७२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील रोम नावाच्या गावी रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने एका तरुण स्त्रीची अंडाशये काढून टाकली. तिच्या पाळीच्या त्रासावर त्याने योजिलेला हा उपाय होता. हे शस्त्रकर्म लवकरच ‘बॅटीची शस्त्रक्रिया’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि पुढील दोन-तीन दशकांत युरोप-अमेरिकेत पाळीचे दुखणे, झटके, उन्माद, एवढेच काय पण नुसता चिडका स्वभाव अशा कारणांसाठीही असंख्य स्त्रियांची निरोगी अंडाशये काढली गेली. अंडाशय काय करते हे कुणाला ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही ते निरुपयोगी, असा सोयीचा न्याय लावला गेला. अशा स्त्रियांना ऐन तारुण्यात घामाचे उमाळे येऊ लागले, त्यांची पाळी थांबली, गर्भाशय आकसले. त्यातूनच शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की अंडाशय शरीराला नेमके काय पुरविते?

१८९६ साली व्हिएन्ना येथे एमिल क्नाउअर याने सशांवर प्रयोग करून त्याचे उत्तर शोधले. अंडाशय काढले की सशाच्या मादीचे गर्भाशय सुकते. पण तेच अंडाशय शरीरात दुसरीकडे रुजविले तर गर्भाशय शाबूत राहते. जुन्या मज्जातंतूंचा संबंध तुटला असतानाही परिणाम टिकतो, याचा अर्थ निरोप रक्तातून जातो. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गरोदर स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोनचे स्फटिक वेगळे केले. अंडाशयाच्या उत्तराला रूप मिळाले.

वरच्या निरोपाचा शोध याच सुमारास बर्लिनमध्ये लागला. बेर्नहार्ड त्सोंडेक व त्यांचे सहकारी सेल्मार आशहाइम यांनी वयात न आलेल्या उंदरांच्या शरीरात पीयूषिकेचे तुकडे बसविले, तेव्हा ती पिल्ले अकाली वयात आली. अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनीही त्याच काळात हेच दाखविले. १९२८ मध्ये आशहाइम व त्सोंडेक यांनी लघवीवरून गरोदरपण ओळखण्याची कसोटी जगाला दिली. त्यानंतर त्सोंडेक यांनी आणखी एक शोध लावला, आणि आमच्या विषयाचा तो पायाच आहे. अंडाशये काढलेल्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतही पुटिका वाढविणारे संप्रेरक विपुल सापडते, असे त्यांना आढळले. ज्या स्त्रीला वैद्यकाने ‘संपलेली’ ठरविले होते तिच्या शरीरातून हे अमूल्य द्रव्य रोज वाहून जात होते. १९३३ साली हिटलरची राजवट आली. ज्यू असल्यामुळे त्सोंडेक यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे जेरुसलेमला त्यांनी आपले काम नव्याने उभे केले.

‘हे संप्रेरक एवढे का वाढते?’ या प्रश्नाची उकल शिकागोत झाली. तेथे कार्ल मूर या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत डॉरथी प्राइस नावाची तरुणी तंत्रज्ञ म्हणून काम करी. पैशांअभावी तिचे उच्च शिक्षण खोळंबले होते. स्त्रीचे संप्रेरक नराला टोचले की त्याच्या वृषणाची हानी होते, म्हणून स्त्री-पुरुषांची संप्रेरके एकमेकांची वैरी असावीत, असे तेव्हा मानले जाई. मूर व प्राइस यांनी दाखविले, की वैर वगैरे काही नाही. इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवरते. पीयूषिका थांबली म्हणून वृषण थांबते. इस्ट्रोजेनबरोबर पीयूषिकेचा अर्क दिला तर वृषण शाबूत राहते. १९३२ साली त्यांनी हा परस्परसंबंध सविस्तर मांडला. रजोनिवृत्तीचे कोडे त्यामुळे सुटले. लगाम सैल झाला म्हणून घोडा धावतो.

वयस्क स्त्रियांनी दिलेली साक्ष

उंदरांवरून माणसापर्यंत यायला आणखी तीन दशके लागली. रक्तातील संप्रेरके अत्यंत सूक्ष्म प्रमाणात असतात. ती मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केली. १९७७ चे नोबेल पारितोषिक यॅलो यांना त्यासाठी मिळाले. त्याच वर्षी तो मान रोजे गीयमँ आणि अँड्र्यू शॅली यांच्यातही विभागला गेला. पीयूषिकेला हुकूम देणारी हायपोथॅलमसमधील संप्रेरके त्यांनी मेंढ्या व डुकरे यांच्या मेंदूंतून कष्टाने मिळविली होती.

मोजमाप हाती येताच शास्त्रज्ञ पाळी गेलेल्या स्त्रियांकडे वळले. कारण उघड होते. अंडाशयाचा आवाज तेथे थांबलेला असतो. म्हणून बाहेरून दिलेल्या संप्रेरकाचा पीयूषिकेवर काय परिणाम होतो ते स्वच्छ दिसते. १९६८ साली कॅलिफोर्नियात विल्यम ओडेल व रॉनल्ड स्वर्डलॉफ यांनी अशा स्त्रियांना प्रथम इस्ट्रोजेन दिले. चढलेले एफएसएच व एलएच खाली आले. मग त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध मिळविले, तेव्हा दोन्ही संप्रेरकांनी एकाएकी उसळी घेतली, अगदी तरुण स्त्रीच्या महिन्याच्या मध्यावर घेतात तशी. बीज सोडण्यास अंडाशय समर्थ उरलेले नव्हते. पण पीयूषिका आपले काम विसरली नव्हती. योग्य शब्द कानी पडताच तिने जुनीच आज्ञा दिली. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या धर्मग्रामातील स्मृती हरवलेल्या आजीबाई आठवल्या. मुलांची नावे त्यांना आठवत नाहीत, पण रोझरीला आरंभ झाला की त्यांचे ओठ आपोआप हलू लागतात.

१९७१ मध्ये सॅम्युएल येन व त्साई यांनी दुसरी बाजू नोंदविली. पाळी चालू असलेल्या स्त्रीची अंडाशये काढल्यावर एफएसएच व एलएच काही दिवसांतच चढू लागतात आणि काही आठवड्यांत रजोनिवृत्तीची पातळी गाठतात. निसर्ग ज्या उतारावरून वर्षानुवर्षे हलके हलके नेतो, तेथे शस्त्र एका दिवसात कडेलोट करते.

आणि त्या वाफा, ते घामाचे उमाळे? एलएचची लाट आणि अंगातील उमाळा पुष्कळदा एकाच वेळी येतात, असे १९७९ च्या सुमारास दिसून आले. परंतु ज्यांची पीयूषिकाच काढली आहे अशा स्त्रियांनाही उमाळे येतात. तेव्हा दोहोंचा उगम आणखी वर, हायपोथॅलमसमध्ये असला पाहिजे. १९९० च्या सुमारास नाओमी रान्स या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी मृत स्त्रियांचे मेंदू तपासून दाखविले, की पाळी गेल्यानंतर तेथील काही चेतापेशी आकाराने मोठ्या होतात. इस्ट्रोजेनचा धाक संपलेल्या या पेशी एका हाताने प्रजननाची हाक वाढवितात आणि दुसऱ्या हाताने जवळच्या तापमान-नियंत्रणाला धक्के देतात. या पेशींचा निरोप अडविणारे फेझोलिनेटंट नावाचे औषध २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत मान्य झाले. रात्री घामाने भिजणाऱ्या बाईला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणाऱ्यांना आता शास्त्राचा आधार राहिलेला नाही.

रोममधील वृद्ध भगिनी

आता या कथेतील जो भाग ख्रिस्तसभेच्या अंगणात घडला, त्याकडे येऊ. पाळी गेलेल्या स्त्रीच्या लघवीत पुटिका जागविणारे द्रव्य असते, तर जिचे अंडाशय शाबूत असून पीयूषिका हाक देत नाही अशा निपुत्रिक स्त्रीला ते देता येईल का? १९४९ साली रोममधील सेरोनो या औषध कंपनीतील रसायनज्ञ पिएरो डोनिनी यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात काढण्यात यश मिळविले व त्याला ‘पर्गोनल’ असे नाव दिले. परंतु उपचाराला पुरेल एवढे औषध करायचे तर शेकडो वयस्क स्त्रियांची लघवी रोज हवी, आणि त्यांत एकही गरोदर स्त्री असता कामा नये. गरोदरपणाचे संप्रेरक मिसळले तर सगळाच साठा बिघडे.

व्हिएन्नात जन्मलेले व पुढे इस्रायलमध्ये काम करणारे ब्रूनो लुनेनफेल्ड हे तरुण डॉक्टर १९५७ मध्ये हा प्रस्ताव घेऊन सेरोनोच्या संचालकांपुढे गेले. त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे, की प्रथम त्यांना कुणी दाद दिली नाही. मग पोप बारावे पायस यांचे पुतणे प्रिन्स ज्युलिओ पाचेली यांनी मध्यस्थी केली. ते या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. इटलीतील मठांच्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या धर्मभगिनींनी आपली लघवी या कार्यासाठी द्यावी, असे ठरले. एका स्त्रीच्या एका उपचाराला सुमारे दहा भगिनींची दहा दिवसांची लघवी लागे, असे लुनेनफेल्ड सांगतात. १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या उपचारातून पहिले मूल जन्माला आले. अमेरिकेत पर्गोनलला १९७० साली मान्यता मिळाली, आणि १९९५ पासून प्रयोगशाळेत पेशींकडून बनविलेले एफएसएच येईपर्यंत जगभरच्या वंध्यत्व-उपचाराचा मोठा भार याच द्रव्याने वाहिला. लघवीपासून काढलेली औषधे अजूनही वापरात आहेत.

दुसरीकडे स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी १९५८ मध्ये मृतांच्या पीयूषिकांतून काढलेले संप्रेरक वापरले होते. त्यालाही यश आले. पण मृतदेहांपासून काढलेल्या अशा औषधांतून मेंदूचा एक असाध्य रोग संक्रमित होतो, असे पुढे उघड झाले आणि १९८० च्या दशकात तो मार्ग बंद पडला. म्हाताऱ्या भगिनींचे दान त्याहून निर्धोक ठरले.

त्या भगिनींनी तारुण्यातच मातृत्वाचा त्याग केला होता, आणि वृद्धपणी त्यांच्या देहाने जे टाकून दिले त्यातून कुणा अनोळखी ज्यू स्त्रीची ओटी भरली. त्यांची नावे औषधाच्या कुपीवर नाहीत. वैद्यकाच्या इतिहासात ‘वृद्ध नन्स’ एवढाच त्यांचा उल्लेख येतो. वंध्य म्हणून हिणवल्या गेलेल्या सारा, हन्ना व अलिशिबा यांच्या कथा आम्ही वेदीवरून वाचतो. त्यांच्या शेजारी या अनामिक भगिनींना बसवावे असे आम्हांस वाटते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. याच औषधाच्या बळावर पुढे परीक्षानळीतील गर्भधारणा सुलभ झाली, आणि १९८७ च्या ‘दोनुम व्हिते’ या निवेदनाने ख्रिस्तसभेने त्या पद्धतीला नकार दिला. दांपत्याच्या मीलनाला साहाय्य करणारा उपचार ग्राह्य आणि त्याची जागा घेणारा अग्राह्य, असा तो विवेक आहे. ज्या द्रव्याला मठाने हातभार लावला, त्याच्या एका उपयोगाला पुढे ख्रिस्तसभेने अडविले. इतिहासात असे पेच असतात. ते झाकून ठेवण्यात शहाणपण नाही.

कोलकाता आणि परळ

हे द्रव्य आपल्या देशातही पोहोचले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले परीक्षानळी-बालक जन्मले. इंग्लंडमधील पहिल्या बालकानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी नैसर्गिक पाळीच्या चक्रातील एकाच बीजावर भिस्त ठेवली होती. मुखर्जी यांनी मात्र पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलेले संप्रेरक देऊन अंडाशयाला चालना दिली. हीच रीत पुढे जगभर रूढ झाली. पण सरकारी चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांची उपेक्षा झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून दुसरे बालक जन्मले. परळ येथील प्रजनन संशोधन संस्था या प्रयत्नात सहभागी होती, आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार तिचे संचालक होते. देशातील पहिलेपणाचा मान त्यांच्या चमूला मिळाला. पुढे आनंद कुमार यांनी मुखर्जींची कागदपत्रे स्वतः तपासली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले, की हा मान आपला नाही, मुखर्जींचा आहे. आपल्या डोक्यावरचा मुकुट काढून मृताच्या शिरावर ठेवणारे विद्वान विरळा. याच परळच्या संस्थेत डॉ. अनिल शेठ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एफएसएचला आवरणाऱ्या इन्हिबिनसदृश द्रव्यांचा कित्येक वर्षे अभ्यास केला. मराठी मुलखाने या ज्ञानात आपला वाटा घातला आहे.

उसाच्या फडात

आणि याच मुलखात, परळपासून एका रात्रीच्या प्रवासावर, ते ज्ञान पोहोचलेले नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत त्या एका जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे सरकारने सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एक. देशभरच्या आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे हे प्रमाण सुमारे तीन इतके आहे.

कारणे फडातच आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. एक दिवस चुकला की खाडा आणि त्याचा दंड. पाळीच्या दिवसांत विसावा नाही, आडोसा नाही, पाणी नाही. मग अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. औषधाने बरे होईल असे दुखणे घेऊन बाई जाते आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीपोटी पिशवी काढून घरी येते. अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घ्यावी, असा निर्बंध बीडमध्ये नंतर घालण्यात आला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-छेदनाला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश दिला.

येथे आम्हांला आमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशये वेगळी, ती गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना असतात. नुसते गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण अंडाशये आपले उत्तर देत राहतात. फार तर काही वर्षे लवकर थकतात. दोन्ही अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन तत्काळ आटते, पीयूषिका काही दिवसांत ओरडू लागते, आणि पस्तिशीची बाई एका आठवड्यात पन्नाशी ओलांडते. तिची हाडे ठिसूळ होऊ लागतात. हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि तिला तर कोयता उचलायचा असतो.

पाळी गेल्यानंतर तरी अंडाशय निरुपयोगी होते का? तसेही नाही. चढलेल्या एलएचच्या हाकेला त्याचा गाभा अजूनही थोडा ओ देतो. तो पुरुष संप्रेरकांच्या जातीची द्रव्ये बनवितो, आणि शरीरातील मेद त्यांचे सौम्य इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतो. निरोप पूर्णपणे अनुत्तरित राहत नाही. उत्तर हलक्या आवाजात येत असते.

२००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध एकत्र दिल्याने स्तनाचा कर्करोग व पक्षाघात वाढल्याचे दिसले. त्यामुळे सर्वत्र या उपचाराविषयी धास्ती पसरली. परंतु ती पाहणी पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची होती. ज्यांची अंडाशये तारुण्यातच काढली गेली त्यांना, दुसरे कारण आडवे येत नसेल तर, रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असेच आज तज्ज्ञ सांगतात. फडातील किती बायांना हे सांगितले जाते?

वालूरहून परतल्यानंतर काही दिवसांनी सिस्टर पुन्हा त्या गावी गेल्या. त्या बाईने पत्र्याच्या पेटीच्या तळातून रुग्णालयातून मिळालेला कागद काढून दिला. त्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते, की गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढली आहेत. चार वर्षे तो कागद तिच्या पेटीत होता. सिस्टरांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. आता तिच्यावर उपचार सुरू आहेत, आणि रात्री थोडी झोप लागते असे ती सांगते.

आम्ही आमच्या धर्मग्रामात आता एवढेच सांगतो. शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. पिशवी काढायची असेल तर अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का, हे विचारा. कागद जपून ठेवा आणि वाचता येत नसेल तर वाचून घ्या. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या देहातून जगाने केवढे ज्ञान आणि केवढी लेकरे मिळविली, हे वर सांगितलेच आहे. त्या ज्ञानातील हे एक वाक्य तरी तिच्या भाषेत तिला सांगणे, एवढे आम्ही तिचे देणे लागतो.